रंगरावभाऊंचं प्रेशर आणि गोडी विहीर

आमच्याकडे घाटाखाली पाण्याला चव असते. घाटावरचे लोक तिला खारट म्हणतात. म्हणोत बापडे. ते पाहुणे म्हणून येतात, चहाचा पहिला घोट घेतात आणि तोंड असं करतात, जसं काही आम्ही कपात राख कालवून दिली. सोयरिकीच्या बैठकीत घाटावरचा बाप शेतीवाडी विचारून झाली की हळूच म्हणतो, "पोरगा चांगला आहे हो, पण पाणी कसं आहे?" माझ्या स्वतःच्या दोन सोयरिकी या पाण्यात बुडाल्या, म्हणून हा प्रश्न मला चांगला पाठ आहे.

खामगावच्या बाजूला, वरवट बकालच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. इथं साबणाला फेस येत नाही. डाळ कितीही उकळा, दाणा दाताखाली येतोच, म्हणून बाया वरणात चिमूटभर सोडा टाकतात. आम्ही हे सगळं आईच्या पोटातूनच शिकून येतो. कुणी काय खाता म्हणून विचारलं, तर यातलं काही सांगायचं आम्हाला सुचतसुद्धा नाही.

अशा मुलखात माझे शेजारी रंगरावभाऊ यांची विहीर 'गोडी' म्हणून नावाजलेली होती. वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नसे, गोडीचं गिळता येई. पण भाऊंचा तोरा असा, की पाहुणा आला तर त्याला आधी विहिरीवर न्यायचे आणि मग घरात. त्यांच्या विहिरीला खारी म्हणणाऱ्याशी ते बोलणं टाकत. गावात असे बरेच जण होते.

ही विहीर भाऊंनी लग्न झाल्या-झाल्या स्वतःच्या हातानं खणली होती. मुरुमाच्या टोपल्या सुभद्रावहिनींनी डोक्यावरून वाहिल्या. वहिनींचं माहेर रोहिणखेडचं, तिकडे डोंगराकडचं पाणी. नवी नवरी, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती, आणि डोक्यावर टोपली. पाणी लागलं तेव्हा पहिला तांब्या भाऊंनी तिच्याच हातात दिला. वहिनींनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "गोड हाये." त्या दिवसापासून ती गोडी. ही हकिकत मी भाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मुरूम मीच वाहिला असं मला कधीकधी वाटतं.

महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती तेव्हा भाऊंच्या पायावर सूज आली. साखर त्यांना आधीपासून होती. बोटानं दाबलं की पायावर खड्डा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. मी त्यांना खामगावला डॉक्टर शंकररावांकडे घेऊन गेलो. डॉक्टर मूळचे पुण्याकडचे, माणूस सज्जन, फक्त आमची बोली ऐकून मिशीत हसायचे. त्यांनी भाऊंची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती नासक्या दुधासारखी फाटली. मग दंडाला पट्टा बांधून पारा चढवला, आणि त्यांची मिशी हसायची थांबली.

"साखरेनं किडनीला भोकं पाडली आहेत," डॉक्टर म्हणाले. "आणि हे प्रेशर ती भोकं मोठी करतंय. प्रेशर उतरलं तर किडनी काही वर्षं ओढेल. नाही उतरलं, तर माझ्या हातात काही नाही. आजपासून मीठ बंद. लोणचं, पापड, ठेचा, सगळं बंद."

"मंग खायाचं काय?" भाऊंनी विचारलं.

"गोळ्या," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. वहिनींनी एका शब्दानं वाद घातला नाही, यावरूनच त्या किती घाबरल्या ते मला कळलं. एरवी त्या सूर्य उगवला म्हटलं तरी वाद घालत. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच, आणि कोंबड्याच्या आधी मला वहिनीच उठवत. पण त्या दिवशी त्यांनी गुपचूप मिठाची बरणी उचलली आणि आमच्या घरी आणून ठेवली.

"जानराव भाऊजी, हे आता तुमच्याच घरी राहू द्या. मांगायले आले तं देजा नका. ह्याइले पन नका देजा अन् मले पन नका देजा."

"वहिनी, तुम्ही तरी खा मीठ. तुम्हाला काय झालं आहे?"

"मालकाच्या ताटात नाही तं माह्या ताटात कायले?" असं म्हणून त्या निघून गेल्या.

त्या घरातलं मीठ असं संपलं. भाऊ महिन्याभरानं मोठ्या उमेदीनं खामगावला गेले. पारा होता तिथंच. डॉक्टरांनी सर्पगंधेच्या गोळीला जोड म्हणून लघवी सुटायची गोळी दिली. पुढच्या महिन्यात पारा तिथंच. मग मुंबईहून मागवलेली तिसरी गोळी आली. तिनं भाऊंना गरगरायला लागलं, उभे राहिले की भिंत धरावी लागे, पण बसल्या जागी मोजलं की पारा पुन्हा दोनशेच्या वर. "भाकरीपरीस गोळ्याच जास्त होऊन राह्यल्या," असं भाऊ म्हणत आणि तीनही गोळ्या इमानदारीत गिळत. मी स्वतः पाहिलं आहे.

आता डॉक्टरांचा संशय मिठावर गेला. त्यांनी वहिनींना बोलावून घेतलं.

"बाई, खरं सांगा. नवऱ्याला अळणी जात नाही, जीव तुटतो, म्हणून प्रेमापोटी एखादी चिमूट..."

वहिनी ताडकन उठल्या. "मी माह्या हातानं ह्याइले मारीन काय? घरात मीठच नाही हो! माह्या जिभेले साहा महिने झाले मीठ लागलं नाही. जानराव भाऊजीले विचारा!"

मी मान हलवली. डॉक्टरांनी माफी मागितली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांच्या पुस्तकाप्रमाणे मीठ बंद आणि तीन गोळ्या चालू म्हणजे पारा उतरायलाच पाहिजे होता. पारा उतरत नव्हता, म्हणजे कुणीतरी खोटं बोलत होतं.

याच सुमारास भाऊ लेकीकडे गेले. रुख्मिणी घाटावर अमडापूरला दिलेली. तिथं भाऊ तीन-चार आठवडे राहिले आणि येताना खामगावला उतरले, तर काय, पारा खाली! पायाची सूजही उतरलेली. डॉक्टरांनी आपल्या तिसऱ्या गोळीची पाठ थोपटली. भाऊ घरी आले, महिनाभर राहिले, आणि पुन्हा दोनशेच्या वर. पुन्हा अमडापूर, पुन्हा खाली. पुन्हा घर, पुन्हा वर.

डॉक्टर विचारात पडले. मग त्यांनी भाऊंना विचारलं, "घरी काही ताण असतो का?"

खोटं बोलायचं नाही, ही भाऊंची एक वाईट खोड होती. ते म्हणाले, "ताण म्हंजे, रुख्मिणीची माय बोलते थोडी."

झालं. डॉक्टरांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्यांनी कागदावर लिहून दिलं, की रोग्यानं सहा महिने अमडापूरलाच राहावं, पूर्ण शांततेत. बायकोनं सोबत जाऊ नये.

गाव याचीच वाट पाहत होतं. मारुतीच्या पारावर दुसरा विषयच उरला नाही. डॉक्टरांना जे मशीन आणि पुस्तकं घेऊन कळलं, ते आम्हाला आधीच ठाऊक होतं, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. कुणी म्हणालं, सुभद्राबाईचा आवाज मोजला असता तर काच फोडून पारा बाहेर आला असता. बाया पाण्याला आल्या की कुजबुजत. वहिनींच्याच विहिरीवर, वहिनींच्याच दोरानं पाणी शेंदत, त्या वहिनींनाच नवऱ्याच्या जिवावर उठलेली म्हणत. मला त्या बायांचा असा राग आला की मी आमच्या घरातलं पाणीसुद्धा चार दिवस दुसरीकडून आणलं. ते फारच वाईट होतं, म्हणून पाचव्या दिवशी राग आवरता घेतला.

वहिनींनी काय करावं? त्यांनी बोलणं बंद केलं. भाऊंनी जायच्या आधी महिनाभर मुदत मागून घेतली होती, कापूस वेचायचा होता. त्या महिन्यात भिंतीपलीकडून आवाज आला नाही. भांडं वाजे, केरसुणीचा फडा फिरे, पण माणसाचा आवाज नाही. भाऊ मुद्दाम खोड काढत. "आज वरन पातय झालं," म्हणत. "माहा सदरा कोठी हाये?" म्हणत, सदरा अंगात असताना. वहिनी उत्तर देत नसत. मीठ गेलं होतं, आता बोलणंही गेलं. मी भिंतीला कान लावून बसे आणि मला खरंच गलबलून येई.

महिना संपला. भाऊ खामगावला जाऊन मोजून आले. पारा आधीपेक्षाही वर!

त्या दिवशी भिंत हादरली. "मी एक सबद बोलली नाही महिनाभर! मंग आता कोनाच्या तोंडानं चढलं? तुमच्या?" वहिनी कडाडल्या. मी इकडे खाटेवर उठून बसलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "आयका. मी बी येतो अमडापूरले. तिथं मी रोज भांडीन. मनसोक्त भांडीन. पारा चढला तं मी घर सोडीन, मंग रोहिणखेडले भावापाशी मरीन, तुमच्या डोयासमोर येनार नाही. अन् पारा उतरला, तं तुमी मारुतीच्या पारावर उभं राहून साऱ्या गावाले सांगायचं, का माह्यात दोष नाही."

"मान्य," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. मी मिरचीचा व्यापारी. दर आठवड्याला चिखलीच्या बाजाराला माझा माल ट्रकनं जाई आणि अमडापूर वाटेतच.

"भाऊजी, एक काम करा. ट्रकात गोडीच्या पान्याचे दोन डबे घेत जा. ह्याइले तिकडचं पानी फिकं लागते. दोन खेपा गेले तं सारखं तेच गाऱ्हानं. मी भांडनार हाये तं निदान पानी तरी त्याइच्या मनासारखं पेऊ दे."

भांडणाच्या तयारीत एवढी माया मी दुसरीकडे पाहिली नाही. तेलाचे रिकामे डबे घासून-पुसून, गोडीचं पाणी भरून, तोंडाला फडकं बांधून मी दर आठवड्याला नेऊ लागलो. भाडं घेतलं नाही.

अमडापूरला मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा भांडण चालू होतं. वहिनींनी शब्द पाळला होता. पहाटे चहावरून, दुपारी उन्हावरून, सांजेला कशावरून ते दोघांनाही आठवत नसे. जावई शालिग्राम गरीब माणूस, तो जेवण शेतातच मागवू लागला. आणि भाऊ? भाऊंच्या तोंडावर असं तेज होतं, की काय सांगू. वहिनी वेगळी चूल मांडून डब्यातल्या पाण्यातच त्यांचं वरण शिजवत. रुख्मिणी म्हणाली, "माय, इथं सोडा लागत नाही वं, डाळ अशी शिजते." वहिनी म्हणाल्या, "तुह्या पान्यात शिजत असंन. ह्या पान्याले लागते." आणि चिमूट टाकली.

महिन्यानं मी परतीच्या ट्रकात दोघांना घेतलं आणि खामगावला दवाखान्यात उतरवलं. मीही आत गेलो. वहिनी पदर आवळून बाकावर बसल्या. मी त्यांना एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा चढवला, हळूहळू सोडला. एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अमडापूरला होता ना?" त्यांनी विचारलं. "मग वर कसं?" आणि त्यांची नजर वहिनींकडे गेली. "तुम्हीही होतात का तिथं?"

 वहिनी उठल्या, आपलं बोचकं काखेत घेतलं आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, मले रोहिणखेडच्या गाडीत बसवून द्या."

"अवं, थांब ना," भाऊ म्हणाले.

"सबद म्हंजे सबद."

भाऊंचा चेहरा पांढरा पडला.  कंपाउंडरनं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. साखरेच्या माणसाला तहान लागली की थांबवत नाही, पण गोडीचा डबा हाताशी असताना भाऊंना तहानेतही परकं पाणी चालत नसे. त्यांनी आपल्या डब्यातलं उरलंसुरलं पाणी तांब्यात ओतलं आणि घटाघटा प्यायले. मग, काहीही करून बायकोचं जाणं लांबवायचं म्हणून असेल, किंवा मरायला टेकले तरी तोरा जाणार नाही म्हणून असेल, त्यांनी दुसरा तांब्या भरून डॉक्टरांपुढं धरला.

"घ्या डाक्टर. तुमी आमच्या गोडीचं पानी कधी चाखलंच नाही. असं पानी तुमाले खामगावात भेटनार नाही."

डॉक्टर सभ्य माणूस. त्यांनी मोठा घोट घेतला.

मी आयुष्यात घाटावरच्या पाहुण्यांची पुष्कळ तोंडं पाहिली आहेत, पण पुण्याकडचं तोंड प्रथमच पाहत होतो. ते खिडकीशी धावले, चूळ टाकली आणि वळून ओरडले, "हे काय आहे?"

"पानी," भाऊ म्हणाले.

"दिवसाला किती पिता?"

"साखरवाल्याले तहान लागतेच ना डाक्टर. घागरभर तं होते."

"आणि स्वयंपाक?"

"याच्यातच," वहिनी दारातून म्हणाल्या. "डाळ शिजत नाही, म्हनून सोडा टाका लागते."

"सोडा!" डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "मी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलं?"

"तुमी मीठ इचारलं," वहिनी म्हणाल्या. "मीठ तं जानराव भाऊजीच्या घरी हाये."

डॉक्टरांनी काचेची नळी घेतली, तीत गोडीचं पाणी घातलं आणि दिव्यावर धरली. पाणी उकळलं, आटलं, संपलं. नळीच्या बुडाशी पांढरी खपली उरली.

भाऊंनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "तुमची नळीच खराब असंन. लघवीची नळी हाये हे."

डॉक्टरांनी नळी स्वच्छ धुतली, दवाखान्यातलं पाणी घातलं आणि तेही आटवलं. बुडाशी पुसट डाग राहिला, एवढंच. भाऊंनी तीही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग त्यांनी तांब्या हळूच टेबलावर ठेवला. आपल्या पोराचा नापासाचा निकाल हातात आल्यावर बाप बसतो, तसे ते बसले.

"बाई," डॉक्टर वहिनींना म्हणाले, "मी दोनदा चुकलो. तुमच्या तोंडाचा यात काही संबंध नाही. एका हातानं मी मीठ बंद केलं आणि दुसऱ्या हातानं हे घागरभर खारं पाणी आणि वर सोडा, म्हणजे मिठाचाच प्रकार, पोटात जात होता. माझ्या गोळ्या तरी काय करतील?" मग ते भाऊंकडे वळले. "किडनी गेली तेवढी परत येणार नाही, हे सांगून ठेवतो. पण उरली आहे ती टिकवता येईल. गोडं पाणी प्या. ही विहीर सोडा."

 परतीच्या वाटेवर ट्रकात वहिनींचं बोचकं भाऊंच्या मांडीवर होतं आणि भाऊंनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

डोंगराच्या पायथ्याला एक संत्र्याची बाग आहे, तिथल्या विहिरीचं पाणी गोडं. बैलगाडीवर टाकी ठेवून भाऊंचं पाणी तिथून यायला लागलं. सोडा बंद झाला. पुढच्या महिन्यात पारा असा उतरला की डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. त्या संध्याकाळी भाऊ मारुतीच्या पारावर गेले. मी गेलो, वहिनी बायांच्या मागं उभ्या राहिल्या, आणि गाव तर होतंच.

भाऊ उभे राहिले, खाकरले, पुन्हा खाकरले. खारी हा शब्द त्यांच्या तोंडून जन्मात निघाला नव्हता.

"रुख्मिणीच्या मायचा काही दोष नाही," ते म्हणाले. "तिच्या बोलन्यानं काही चढलं नाही. चढलं ते माह्या विहिरीनं. माही विहीर खारी हाये."

कुणी हसलं नाही. ज्यांच्याशी भाऊ या शब्दापायी वर्षानुवर्षं बोलत नव्हते, तेही खाली पाहत राहिले. पाणी शेंदताना कुजबुजणाऱ्या बाया पदर सावरत हळूहळू बाजूला झाल्या. मला वाटलं, आता वहिनी मान ताठ करून घरी जातील. त्यांची जीत झाली होती.

त्या गेल्या नाहीत. त्या तशाच पुढं आल्या. डोळे भरले होते, आणि आवाज मात्र नेहमीचाच.

"अवो, मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी माहीत होतं. पहिला घोट घेतला तवाच खारं लागलं होतं मले. मी रोहिणखेडची हाये, मले काय गोडं पानी माहीत नाही? मंग सवय झाली, तं मले बी गोडच लागाले लागलं."

भाऊ पारावरून खाली उतरले. "मंग तवा गोड हाये काऊन म्हनलं वं तू?"

"तुमच्या हाताले फोड आले होते," वहिनी म्हणाल्या.